गिझर बदलावा की बटण बंद करावं?

जानेवारीचं वीजबिल हातात पडलं की घरातल्या जुन्या गिझरवर संशय जातो. बारा वर्षांचा झालाय, वीज ओढतो, आता काढून टाका, असं कुणीतरी म्हणतं. दुकानात गेलं की पाच ताऱ्यांचा नवा गिझर समोर येतो आणि बिल निम्म्यावर येईल असं ठामपणे सांगितलं जातं. नांदेड-लातूर भागात राहणाऱ्यांनी एवढ्यावर पैसे मोजू नयेत. आपला हिवाळा चार महिन्यांचा, आपलं पाणी बहुतेक ठिकाणी बोअरचं, आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात लावू देत नाही. गिझर बदलायचा की नाही, हे या तीन गोष्टींवरून ठरतं. यंत्राचं वय त्यांच्यानंतर बघायचं.

जुनं तापयंत्र काढून नवं बसवा, इंधन वाचवा, हा सल्ला मुळात थंड देशांतला आहे. इंग्लंडमध्ये २०१० च्या जानेवारीत सरकारने सव्वा लाख घरांना जुना बॉयलर मोडीत काढण्यासाठी प्रत्येकी ४०० पौंड दिले. तिथं ते योग्यच होतं, कारण त्यांचा बॉयलर हिवाळाभर अख्खं घर ऊबदार ठेवतो. आपला गिझर सकाळी तासभर चालतो. तेव्हा तिकडचा बचतीचा आकडा इकडे लागू होत नाही.

आधी एका बादलीचा हिशोब करू. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात, हे शाळेत शिकलेलं असतं. डिसेंबरच्या सकाळी टाकीचं पाणी २० अंशांवर आहे आणि आंघोळीला ४२ अंशांचं हवं आहे असं धरा. वीस लिटरच्या बादलीला ४४० किलोकॅलरी लागतील, म्हणजे अर्धा युनिट. घरात पाच माणसं असतील तर रोजचे अडीच युनिट, महिन्याचे पंचाहत्तर. गिझर कालचा असो की बारा वर्षांपूर्वीचा, एवढी वीज जाणारच. पाच तारे असले तरी पाणी तापवायला लागणारी उष्णता कमी होत नाही.

बिल मात्र पंचाहत्तर युनिटांच्या मानाने जास्त फुगतं, याचं कारण टप्पे. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत एक भाव आणि १०१ ते ३०० पर्यंत त्याहून बराच चढा भाव असतो. एरवी नव्वद युनिटांत भागणारं घर गिझरमुळे १६५ वर जातं आणि गिझरचे जवळजवळ सगळे युनिट महागड्या टप्प्यात पडतात. त्यावर प्रत्येक युनिटमागे वहन आकार, शिवाय १६ टक्के वीज शुल्क. म्हणून हिशोब करताना बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी भाव धरू नका. बिलावरचा शेवटच्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार मिळवा आणि वर १६ टक्के चढवा. गिझरच्या युनिटचा खरा भाव तो. पुढच्या आकडेमोडीसाठी मी तो १२ रुपये धरतो. तुम्ही तुमचा घाला.

मग जुना गिझर जास्त वीज खातो ती कशात? तापलेलं पाणी नुसतं धरून ठेवण्यात. टाकीभोवतीचं अस्तर जुनं झालं, दबलं, ओलं झालं की उष्णता भिंतीला आणि हवेला जाते आणि थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा कॉइल चालू करतो. नव्या गिझरवरच्या ताऱ्यांच्या लेबलवर चोवीस तासांच्या याच गळतीचा आकडा दिलेला असतो. तुमच्या जुन्याची गळती घरच्या घरी मोजता येते. रात्री गिझर पूर्ण तापू द्या, दिवा विझला की बटण बंद करा. आठ तासांनी, पाणी न वापरता, पुन्हा चालू करा आणि दिवा किती मिनिटांनी विझतो ते घड्याळात बघा. दोन हजार वॅटचा गिझर तीन मिनिटांत थांबला तर आठ तासांत दशांश एक युनिट गेला, म्हणजे तब्येत उत्तम. दहा मिनिटं लागली तर एक तृतीयांश युनिट, म्हणजे दिवसभर चालू ठेवल्यास एक युनिट वाया.

आता नीट बघा. रोजचा एक युनिट, असे हिवाळ्याचे १२० दिवस, १२ रुपयांनी होतात १,४४० रुपये. नवा गिझर सात-आठ हजारांचा. त्याचीही थोडी गळती असतेच, तेव्हा पैसे वसूल व्हायला सहा-सात हिवाळे जातील. आणि जुन्याचं बटण आंघोळी आटोपल्यावर बंद केलं तर यातली बहुतेक बचत आजपासून फुकट मिळते. पंधरा लिटरचा गिझर वीस अंशांवरून साठ अंशांपर्यंत जायला वीस-बावीस मिनिटं घेतो. तेवढा वेळ आधी लावा आणि घरच्यांनी एकामागून एक आंघोळ उरकावी. आमच्याकडे हे शेवटचं कलम सर्वांत अवघड जातं, हे मान्य.

पाणी तपासा, मग यंत्र

मराठवाड्याचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलेला आहे आणि त्या खडकातून वर येणारं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. चहाच्या पातेल्याला आतून पांढरं बसतं ते हेच. नांदेडला विष्णुपुरीचं गोदावरीचं पाणी ज्या वस्त्यांना मिळतं तिथं त्रास कमी. शहराच्या कडेच्या नव्या कॉलन्यांमध्ये घरोघरी बोअर. लातूर मांजरा धरणावर अवलंबून आहे, आणि ते आटलं की काय होतं हे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा सगळ्या देशाने पाहिलं. त्या वर्षांनी घरोघरी बोअर खोल नेले. बोअरचं, टँकरचं, नळाचं असं मिसळलेलं पाणी एकाच टाकीत पडणाऱ्या घरांत गिझरला आज कसलं पाणी मिळेल, ते घरमालकालाही सांगता येत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्याची पसंतीची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. तुमच्या बोअरचा आकडा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतून काढून घ्या. नवं यंत्र घेण्याआधी हाती असावा असा एकच कागद सांगायचा तर तो हा.

क्षाराबद्दल एक समज मात्र दुरुस्त करायला हवा. कॉइलवर थर बसला की वीज जास्त जाते, असं सर्रास सांगतात. विजेच्या गिझरमध्ये कॉइल पाण्यात बुडालेली असते. तिच्यातून निघालेली उष्णता थरातून उशिरा का होईना, पाण्यातच जाते; तिला दुसरीकडे वाटच नाही. त्यामुळे बादलीमागचे युनिट फारसे बदलत नाहीत. नुकसान वेगळं होतं. थराखाली कॉइल स्वतः भाजून निघते आणि जळते, थर्मोस्टॅट लवकर तुटून पाणी कोमट राहतं, आणि तळाशी खपल्या साचून पंधरा लिटरच्या टाकीत बारा लिटरच मावतात. खर्च बिलात दिसत नाही, दुरुस्तीत दिसतो.

गॅस गिझर, सोलर आणि तांब्याचा बंब यांची गोष्ट उलटी आहे. तिथं ज्वाला किंवा ऊन एका बाजूला आणि पाणी दुसऱ्या बाजूला. मध्ये क्षाराचा थर आला की उष्णता धुराड्यातून किंवा काचेतून परत जाते. म्हणजे थरामुळे इंधन जातं ते या यंत्रांत.

थर कमी बसावा यासाठी सोपा उपाय म्हणजे तापमान. साठ अंशांच्या पुढे क्षार झपाट्याने खाली बसतात. थर्मोस्टॅटचा खटका कमाल आकड्यावर ठेवून गार पाणी मिसळत बसण्यापेक्षा तो पन्नास-पंचावन्नवर ठेवा. आठवड्यातून एकदा साठपर्यंत जाऊ द्या, म्हणजे साचलेल्या पाण्यात जंतू धरणार नाहीत. वर्षातून एकदा, दसरा-दिवाळीच्या साफसफाईत, इलेक्ट्रिशियनला बोलावून कॉइल काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात बुडवा आणि टाकीतल्या खपल्या काढून घ्या. पाइपाला बांधायचे चुंबकाचे पट्टे क्षार घालवतात म्हणून विकायला येतात. त्यांच्यावर मी रुपया घालणार नाही.

कधी बदलायचाच

कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेला तर दुरुस्ती करा. ते सुटे भाग आहेत. टाकीच पाझरू लागली, गरम पाण्याला तांबूस झाक आली, तर डाग देऊन चालढकल करू नका. आणि पुढच्या तीन बाबतीत बचतीचा विचारही न करता गिझर काढा: जास्त तापल्यावर आपोआप तोडणारी वेगळी कळ नसेल, सुरक्षा व्हॉल्व्ह क्षाराने असा जाम झाला असेल की त्याची कळ उचलूनही पाणी येत नाही आणि तसाच नवा व्हॉल्व्ह मिळत नाही, किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात आणि तपासल्यावर दोष गिझरच्या आत निघतो. झिणझिण्यांच्या बाबतीत आधी घराचं अर्थिंग तपासा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मीठ-कोळसा घातलेला खड्डा वर्षानुवर्षं कुणी उघडून बघत नाही. तीस मिलिअँपियरचा गळतीरोधक स्विच बसवणं नव्या गिझरपेक्षा स्वस्त आहे, आणि तो आधी बसवा.

नवा घेताना आयएस २०८२ चा आयएसआय शिक्का बघा. बोअरच्या पाण्याला साध्या स्टीलच्या टाकीपेक्षा आतून काचेचा मुलामा दिलेली टाकी बरी, कारण खाऱ्या पाण्यातला क्लोराइड स्टीलला बारीक छिद्रं पाडतो. अशा टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजण्यापासून वाचवते. आपल्या पाण्यात ती लवकर संपते, तेव्हा दर दीड-दोन वर्षांनी उघडून बघायला सांगा. बहुतेक जण ती आयुष्यात एकदाही बघत नाहीत आणि पाच वर्षांनी टाकी गेली म्हणून कंपनीला बोल लावतात. ती बदलून मिळेल का आणि तुमच्या गावात मिळेल का, हे विकत घेतानाच विचारा. लोहा, कंधार, अहमदपूर, उदगीर इकडे राहणाऱ्यांनी तर ताऱ्यांच्या आधी हेच विचारावं.

तीन लिटरचा झटपट गिझर गळतीच्या हिशोबात चांगला, पण तो तीन हजार वॅटचा असतो आणि त्याला पूर्ण दाबाची वीज लागते. रब्बीच्या दिवसांत गावाकडे दाब १८० व्होल्टवर येतो. तेव्हा २३० व्होल्टच्या कॉइलची ताकद साठ-एकसष्ट टक्केच उरते आणि वाहतं पाणी कोमटच बाहेर पडतं. साठवणीचा गिझर अशा वेळी नुसता उशीर लावतो. गावात साठवणीचाच घ्या.

गॅस, ऊन आणि तुराट्या

गॅसचा हिशोब बघू. एक किलो गॅसमध्ये सुमारे ११,००० किलोकॅलरी. चांगल्या गॅस गिझरने त्यातल्या ८० टक्के पाण्याला दिल्या तर किलोमागे वीस बादल्या. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे २८० बादल्या. सिलिंडरची किंमत २८० ने भागा आणि तुमच्या युनिटचा भाव दोनाने भागा. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर बादली सव्वातीन रुपयांना पडते, आणि १२ रुपयांच्या युनिटने सहा रुपयांना. शंभर युनिटांच्या आत राहणाऱ्या छोट्या कुटुंबाला मात्र वीजच जवळजवळ तेवढ्यात पडेल.

स्वस्त आहे म्हणून गॅस गिझर न्हाणीघरात लावू नका. बंद खोलीत ज्वालेला प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आंघोळ करणाऱ्याला ग्लानी येते आणि दार आतून लावलेलं असतं. गिझर बाहेर, उघड्या गॅलरीत किंवा मोकळ्या बोळात, आणि आत फक्त पाइप. जागा नसेल तर गॅसचा विचार सोडा. झरोका आहे म्हणून चालेल असं सांगणाऱ्या फिटरचं ऐकू नका. शिवाय यातली तांब्याची नळी अरुंद असते आणि कठीण पाण्यात भरून येते. ज्योत निळ्याची पिवळी झाली किंवा पाण्याची धार बारीक झाली की लगेच साफ करून घ्या.

सोलर बंबाला आपलं आकाश अनुकूल आहे. ऊब हवी त्याच महिन्यांत ते निरभ्र असतं. काचेच्या नळ्यांचा आणि तांब्याच्या सपाट पत्र्याचा असे दोन प्रकार मिळतात. बोअरच्या पाण्याला नळ्यांचाच घ्या. क्षार नळीच्या तळाशी बसतो आणि काढता येतो. पत्र्याचा घ्यायचा असेल तर आत वेगळं पाणी फिरणारा, उष्णता-विनिमयकाचा. नळ्यांची अडचण वेगळीच आहे. आठ-दहा दिवसांआड नळ येणाऱ्या भागात टाकी रिकामी पडते, उन्हात कोरड्या नळ्या दोनशे अंशांच्या वर तापतात, आणि दुपारी पाणी आलं म्हणून मोटर सुरू केली की गार पाण्याने नळी तडकते. टाकी रिकामी पडली असेल तर सोलर सकाळी उजाडण्याआधी किंवा दिवस मावळल्यावरच भरा. गच्चीवर जाणाऱ्या वाटेवर एक वेगळा कॉक बसवला की हे सोपं होतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट पुन्हा झाली तर जाळी असलेली बरी. वानरांसाठीही तीच कामाला येते.

बसवणाऱ्याला तोंड दक्षिणेकडे आणि कोन तीस-पस्तीस अंशांचा ठेवायला सांगा. नांदेड १९ आणि लातूर १८ अक्षांशावर आहे, पण आपल्याला हिवाळ्यातला कलता सूर्य पकडायचा आहे. पाइपाची लांबीही मोजा. अर्धा इंची वीस मीटर पाइपात साडेतीन लिटर गार पाणी थांबलेलं असतं, पाऊण इंचीत सहा लिटर, आणि रोज सकाळी ते आधी बाहेर येतं. लातुरात ते गटारात सोडणं हा गुन्हाच. खाली बादली ठेवा आणि पाइपाला फोमचं आवरण घाला.

पैशांत बोलायचं तर पाच जणांच्या घरात सोलर वर्षाला ३०० ते ३७५ युनिट वाचवेल. वीस हजारांचा संच धरला तर पाचेक वर्षांत वसूल. पण गच्ची स्वतःची असेल तर त्याच जागेवर विजेचे पॅनेल बसवण्याचा विचार आधी करा. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. पाणी तापवणाऱ्या सोलरला ते नाही. सोलर बंब एप्रिल-मेमध्ये बेकार पडून राहतो. पॅनेल तेव्हाच कूलर चालवतं आणि थंडीत जुन्या गिझरचे पंचाहत्तर युनिट बिलातून वळते करून देतं. मराठवाड्याच्या हवेला मला हाच मार्ग जास्त पटतो.

आणि बंब? ज्यांच्या शेतात तुराट्या आणि पऱ्हाट्या फुकट आहेत आणि बंब अंगणात आहे, त्यांनी बचतीसाठी तो काढण्यात काही अर्थ नाही. मधल्या नळीची काजळी महिन्याला खरवडा, बंबफोड वाळलेलं वापरा, आतला क्षार काढा. तेवढ्याने जळण कमी लागतं. विकत लाकूड आणून बंब पेटवणाऱ्यांनी आणि धूर घरात कोंडणाऱ्यांनी मात्र तो बंद करावा. तांब्याचा बंब मोडीत देताना वजन तुमच्या समोर, आतल्या खपल्या आणि राख झाडून करायला लावा, आणि तांब्याचा त्या दिवसाचा भाव आधी दोन ठिकाणी विचारा.

जुनं काढून नवं बसवल्याने खरोखर मोठी बचत होते ती वसतिगृहांत. लातूर पॅटर्नच्या ओढीने आलेली मुलं आणि आता नांदेडच्या क्लासेसची मुलं ज्या इमारतींत राहतात, तिथं साठ जणांच्या आंघोळीला रोज तीस युनिट उष्णता लागते. हीट पंप हवेतली उष्णता ओढून घेतो आणि एक युनिट विजेवर साधारण तीन युनिटांची ऊब देतो, म्हणजे तीसच्या जागी दहा. तो पहाटे बारा-तेरा अंशांच्या हवेत चालवण्यापेक्षा दुपारी तीस अंशांत चालवून पाणी जाड आवरणाच्या टाकीत साठवा. पुढे मिठावर चालणारं पाणी मऊ करण्याचं यंत्र लावावंच लागेल, नाहीतर दोन वर्षांत आतली गुंडाळी भरेल. एका कुटुंबाला न परवडणारा हा खर्च साठ मुलांत परवडतो. वसतिगृहवाले मुलांच्या खोल्यांतले रॉड जप्त करतात. बादलीमागे विजेच्या हिशोबात रॉड वाईट नाही, कारण साठवण नाही की गळती नाही; पण प्लग न काढता बादलीत बोट घालून पाणी तापलं का ते बघणारा मुलगा प्रत्येक मजल्यावर एक तरी असतो. पहाटे पाच ते सात नळाला गरम पाणी असेल तर रॉड जप्त करायची वेळ येत नाही.